कवकजन्य संधिशोथ

कवकजन्य संधिशोथ म्हणजे कवकाच्या (बुरशीच्या) संसर्गामुळे सांध्याला येणारी सूज आणि तिच्यातून होणारा सांध्याचा ऱ्हास. जिवाणूंमुळे होणारा पूयुक्त संधिशोथ किंवा सांध्याचा क्षयरोग यांच्या तुलनेत हा विकार दुर्मीळ आहे आणि निरोगी प्रौढ व्यक्तीत तो क्वचितच आढळतो. अनियंत्रित मधुमेह, एचआयव्ही संसर्ग, रक्ताचा कर्करोग, अवयवप्रत्यारोपण, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे किंवा अतिदक्षता विभागातील प्रदीर्घ वास्तव्य यांमुळे ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, अशांना तो प्रामुख्याने होतो. सांध्यातील दूषित द्रव काढून टाकला आणि योग्य औषध पुरेसा काळ दिले, तर पुष्कळ रुग्ण बरे होतात. तथापि रोगाची सुरुवात मंद असते, लक्षणे क्षयरोगासारखी किंवा आमवातासारखी दिसतात आणि नेहमीच्या तपासण्यांत कवक सापडत नाही. उपचारातील पहिली व सर्वांत मोठी अडचण म्हणजे वेळेवर संशयच न येणे. महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत सांधेदुखीची इतर कारणे विपुल आहेत आणि कवकाच्या तपासणीची सोय दूर आहे. त्यामुळे तेथे ही अडचण अधिक तीव्र होते.

संज्ञा

मराठीत सांध्यांच्या बहुतेक दुखण्यांना सरसकट ‘वात’ किंवा ‘संधिवात’ म्हटले जाते. संधिवात हे एका रोगाचे नाव नव्हे. झीज, आमवात, युरिक आम्लाचा साठा, संसर्ग असे अनेक भिन्न विकार त्या एका शब्दाखाली झाकले जातात. प्रस्तुत विकाराच्या बाबतीत हा शब्द अपायकारक ठरतो, कारण वातावर जे स्टेरॉइड गुणकारी वाटते तेच कवकाला मोकळे रान देते.

‘बुरशी’ हा शब्दही तितकासा सोयीचा नाही. शिळ्या भाकरीवर किंवा लोणच्यावर दिसणारी बुरशी गुडघ्याच्या आत वाढू शकते, हे सामान्य माणसाला पटकन पटत नाही. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या रोगाला ‘काळी बुरशी’ हे नाव मिळाले व शब्दाला भीती चिकटली. वस्तुतः ते कवक काळे नसते. रक्तपुरवठा तुटल्याने मृत झालेला शरीराचा भाग काळा पडतो. त्या रोगात नाक, जबडा, डोळ्याची खोबण व मेंदू बाधित होतात. सांध्यात तो अत्यंत विरळा आढळतो.

सांध्यात कवकाचा प्रवेश

बहुतेक वेळा कवक रक्तावाटे सांध्यात येते. सांध्याच्या आतील अस्तरात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि त्यांच्याभोवती इतर अवयवांत असते तसे संरक्षक पटल नसते, त्यामुळे रक्तात फिरणारे सूक्ष्मजीव तेथे सहज उतरतात. त्या अस्तराखेरीज सांध्यात जी कूर्चा असते तिला मात्र स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. एकदा ती कुरतडली गेली की पूर्ववत भरून येत नाही. रोग मंद असला तरी विलंब महाग पडतो, तो या कारणाने.

दुसरी वाट थेट प्रवेशाची आहे. काटा रुतणे, जखम, शस्त्रक्रिया किंवा सांध्यात दिलेले इंजेक्शन यांतून कवक आत जाते. या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. २०१२ साली मॅसेच्युसेट्स राज्यातील एका औषधनिर्मिती केंद्रात तयार झालेल्या स्टेरॉइडच्या कुप्या कवकाने दूषित निघाल्या; त्या पाठीत व सांध्यांत टोचल्याने ७५० हून अधिक लोकांना संसर्ग झाला आणि ६० हून अधिक मृत्युमुखी पडले. मुख्य दोषी ‘एक्सेरोहायलम’ हे एरवी गवतांवर व पिकांवर आढळणारे कवक होते. लगतच्या हाडातील संसर्ग पसरत सांध्यात येणे ही तिसरी वाट होय.

कारक कवके व बाधित व्यक्ती

सर्वाधिक आढळणारे कवक कँडिडा होय. ते माणसाच्या आतड्यात व त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहते. शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, प्रतिजैविकांचा दीर्घ वापर किंवा रक्तातील पांढऱ्या पेशींची तीव्र घट झाली म्हणजे ते रक्तात उतरते. कमी वजनाची नवजात बालके व अतिदक्षता विभागातील रुग्ण यांना त्याचा धोका अधिक. गुडघ्याचा सांधा सर्वाधिक बाधित होतो. २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णन झालेली कँडिडा ऑरिस ही जाती अनेक औषधांना दाद देत नाही आणि भारतातील मोठ्या रुग्णालयांत ती आता परिचित आहे.

ॲस्परजिलस हे हवेत सर्वत्र असणारे कवक आहे. रक्ताचा कर्करोग, प्रत्यारोपण व पांढऱ्या पेशींच्या जन्मजात दोषांत ते हाडांत व सांध्यांत शिरते. मणक्यांना विशेष बाधा होते. एचआयव्हीच्या प्रगत अवस्थेत क्रिप्टोकॉकस, हिस्टोप्लाझ्मा आणि ईशान्य भारतात, विशेषतः मणिपुरात, टॅलारोमायसिस ही कवके सर्वांगात पसरताना क्वचित सांध्यातही येतात. आमवातावर दिली जाणारी आधुनिक जैविक औषधे शरीरातील ज्या रेणूला रोखतात तो कवकांना कोंडून ठेवण्याचे काम करीत असतो. म्हणून या औषधांवरील रुग्णाचा एकच सांधा अचानक बिघडला, तर तो मूळ रोगाचाच उद्रेक समजणे धोक्याचे असते.

स्पोरोथ्रिक्स या कवकाचा निराळा विचार करावा लागतो. ते माती, कुजका पाला व काटेरी झुडपे यांवर वाढते. १८९८ साली अमेरिकेत बेंजामिन शेंक यांनी त्याचे पहिले वर्णन केले. सामान्यतः काटा लागलेल्या जागेपासून त्वचेवर रांगेने गाठी उठतात. परंतु मद्यासक्ती, मधुमेह किंवा दुर्बल प्रतिकारशक्ती असलेल्यांत ते गुडघा, मनगट, कोपर, घोटा यांत मुरते. भारतात या रोगाचा मुख्य पट्टा हिमालयाच्या पायथ्याचा आहे.

मदुरा पाय (मायसेटोमा) हा रोग मात्र येथे वेगळा ठेवला पाहिजे. तो अनवाणी काम करणाऱ्या निरोगी माणसालाही होतो, पाऊल सुजते आणि छिद्रांतून रंगीत कण बाहेर पडतात. त्याची कवकजन्य उपपत्ती मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास मांडली. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. मायसेटोमाचे काही प्रकार जिवाणूंमुळे होतात व त्यांचे औषध निराळे असते, म्हणून दोहोंची गल्लत उपयोगाची नाही.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील परिस्थिती

२६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही जिल्ह्यांत धानशेती, तेंदूपत्ता व मोहफुले वेचणे, बांबूतोड ही कामे चालतात. पायात काटा मोडणे किंवा बांबूचा बारीक तुकडा रुतणे ही येथे आजार मानण्याजोगी गोष्टच नाही. महिनाभराने घोटा सुजला तर त्या काट्याची आठवण कोणाला राहत नाही आणि दवाखान्यात कोणी विचारतही नाही. भामरागड, एटापल्ली या भागांत अनेकांची मातृभाषा माडिया आहे. मराठीतून घाईने विचारलेल्या प्रश्नांना मिळणारी उत्तरे त्रोटक असतात. काटा लागला होता का, कधी लागला, पूर्ण निघाला का, हे तीन प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारणे ही खरे तर बिनखर्चाची तपासणी होय. सांध्यात राहिलेला काट्याचा तुकडा संसर्गाविनाही सूज टिकवून धरतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

याच प्रदेशात सांधेदुखीची कारणे एकावर एक रचलेली आहेत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार येथे मोठ्या प्रमाणावर आहे. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या वैद्यकांनी १९५८ साली केली. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात या प्रश्नाकडे लक्ष वेधले. केंद्र शासनाचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा बालपणीच निकामी होते व जिवाणूंविरुद्धची त्याची ढाल गळून पडते. अशा रुग्णाच्या हाडासांध्यांतील संसर्ग बहुधा साल्मोनेला व इतर जिवाणूंचा असतो, कवकाचा नव्हे. असे असले तरी हा रुग्ण दोन कारणांनी या लेखाच्या विषयात येतो. त्याला वारंवार वेदनेचे झटके येत असल्याने नवी सूज जुन्याच खात्यावर टाकली जाते. शिवाय मांडीच्या हाडाचे डोके रक्तपुरवठ्याअभावी मृत होऊन तरुणपणीच कृत्रिम सांधा बसवण्याची वेळ येऊ शकते, आणि कृत्रिम सांध्यावर कँडिडा घट्ट थर करून राहू शकते.

याखेरीज हाडासांध्यांचा क्षयरोग आहेच. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइडमुळे सांधे ताठरतात. कुष्ठरोग या पट्ट्यातून अद्याप गेलेला नाही; वरोऱ्याजवळचे आनंदवन ज्यासाठी उभे राहिले तो हाच प्रदेश. कुष्ठरोगातील ‘प्रतिक्रिया’ नावाच्या अवस्थेत सांधे सुजतात आणि तिच्यावर आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड द्यावे लागते. ते आवश्यकच असते. पण त्याच काळात प्रतिकारशक्ती खालावते. आठवडी बाजारात किंवा अनधिकृत दवाखान्यात मिळणाऱ्या निनावी ‘दुखण्याच्या’ गोळ्यांत दडलेले स्टेरॉइड ही त्याहून गंभीर बाब, कारण ते किती घेतले याची नोंद कोठेच नसते. दुखऱ्या सांध्यावर डाग देणे किंवा बिब्बा लावणे यांमुळे त्वचेला जखम होऊन रोगाचे चित्र आणखी धूसर होते.

पुढील तपासणीसाठी चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (स्थापना १९६९) व नागपूरची शासकीय रुग्णालये हे मार्ग आहेत. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा रस्ताच बंद होतो. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून अशाच ठिकाणी काम करीत आहे.

लक्षणे व निदान

बहुधा एकच मोठा सांधा, सामान्यतः गुडघा, आठवडे किंवा महिने सुजलेला राहतो. ताप असतोच असे नाही. लाली व उष्णता जिवाणूसंसर्गाइतकी तीव्र नसते. नवजात बालकात मात्र हात किंवा पाय न हलवणे एवढेच लक्षण असू शकते. क्ष-किरण चित्रात सुरुवातीला काही दिसत नाही. पुढे हाडाच्या कडा कुरतडलेल्या दिसतात, आणि तोवर पुष्कळ हानी झालेली असते.

निदानाचा पाया म्हणजे सुईने काढलेला सांध्यातील द्रव. हे काम तालुक्याच्या ठिकाणीही होण्यासारखे आहे. त्या द्रवाची जिवाणूंसाठी, क्षयरोगाच्या रेणवीय चाचणीसाठी व कवकासाठी अशी तिन्ही प्रकारे तपासणी झाली पाहिजे. यांतील तिसरी मागणी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिली नाही तर ती बहुधा होत नाही. कँडिडा दोन ते चार दिवसांत वाढते, परंतु इतर कवकांना वेळ लागतो; नमुना चार आठवडे ठेवावा, असे प्रयोगशाळेला सांगावे लागते. नेहमीच्या जिवाणू-संवर्धनाची थाळी काही दिवसांतच फेकली जाते, आणि ‘वाढ नाही’ असा अहवाल हाती येतो.

द्रवातून उत्तर न मिळाल्यास सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढतात. येथे एक लहानशी चूक वारंवार घडते. संपूर्ण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की त्यातील कवक मरते व संवर्धन अशक्य होते. तुकड्याचे दोन भाग करून एक फॉर्मॅलिनमध्ये व दुसरा निर्जंतुक मिठाच्या द्रावणात पाठवणे, एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी कणार्बुदे (ग्रॅन्युलोमा) क्षयरोगात असतात तशीच अनेक कवकांच्या संसर्गातही असतात. भारतात असा अहवाल आला की क्षयरोगाचे औषध सुरू होते. क्षयरोगाचे प्रमाण पाहता ते समजण्यासारखे आहे. पण त्याच तुकड्यावर कवक दाखवणारी विशेष रंजनप्रक्रिया करून घेतल्याविना एक वर्षाचा उपचार सुरू करणे योग्य म्हणता येणार नाही. दोन-तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर औषधाला न जुमानणारा क्षयरोग व कवक या दोन्ही शक्यता नव्याने तपासाव्या लागतात. उलट बाजूने, दुर्बल रुग्णाच्या सांध्यातून कँडिडा उगवली तर ती ‘बाहेरून मिसळलेली’ म्हणून सोडून देता येत नाही.

क्रिप्टोकॉकस सापडल्यास डोके दुखत नसले तरी पाठीच्या कण्यातील द्रव तपासून मेंदूज्वर नाही याची खात्री करतात. कँडिडा रक्तात आढळल्यास डोळ्यांची व हृदयाच्या झडपांची तपासणी आवश्यक असते.

उपचार

उपचाराची तीन अंगे आहेत : सांधा स्वच्छ करणे, कवकरोधी औषध देणे आणि प्रतिकारशक्ती शक्य तितकी सावरणे. केवळ गोळ्यांवर विसंबल्यास रोग उलटण्याची शक्यता राहते.

कँडिडाच्या संधिशोथात सांध्याचा निचरा सर्वच रुग्णांत करावा, असे अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नितंबाच्या सांध्यासाठी बहुधा शस्त्रक्रिया लागते. गुडघ्यात दुर्बिणीद्वारे सांधा धुता येतो. औषध म्हणून प्रौढांना फ्लुकोनाझोल रोज ४०० मिलिग्रॅम, सहा आठवडे. अथवा प्रथम दोन आठवडे एकायनोकँडिन गटातील शिरेतून द्यायचे औषध व त्यानंतर किमान चार आठवडे फ्लुकोनाझोल देतात. लगतचे हाड बाधित असेल तर हीच मुदत सहा ते बारा महिन्यांवर जाते. फ्लुकोनाझोल ही स्वस्त व सर्वत्र मिळणारी गोळी आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात या एका गोष्टीचे महत्त्व फार मोठे आहे. मात्र कँडिडाच्या काही जातींवर ती चालत नाही, म्हणून जातीची ओळख व औषधसंवेदनशीलता पाहावी लागते.

ॲस्परजिलससाठी व्होरिकोनाझोल हे प्रथम पसंतीचे औषध असून शक्य तेथे शस्त्रक्रियेची जोड देतात. किमान आठ आठवडे व पुष्कळदा सहा महिन्यांहून अधिक काळ ते चालते. दृष्टीत तात्पुरता फरक पडणे, उन्हाने त्वचा भाजणे, यकृताला इजा हे त्याचे दुष्परिणाम आहेत. उन्हात राबणाऱ्या माणसाला याची पूर्वकल्पना द्यावी लागते. या औषधाच्या रेणूत फ्लोरीन असल्याने ते दीर्घकाळ घेतल्यास हाडांच्या आवरणाला सूज येऊन नवीच वेदना उद्भवू शकते. ही वेदना रोग बळावल्याची समजून मात्रा वाढवली गेली तर अनर्थ होतो.

स्पोरोथ्रिक्सवर इट्राकोनाझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुमारे एक वर्ष देतात. त्याच्या कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्याव्या लागतात. आम्लपित्ताची औषधे सोबत घेतली तर त्या नीट शोषल्या जात नाहीत. हृदय दुबळे असलेल्यांना हे औषध टाळतात.

क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध इट्राकोनाझोल व व्होरिकोनाझोल यांची रक्तातील पातळी इतकी घटवते की ती जवळजवळ निरुपयोगी होतात. ज्या प्रदेशात सांध्याच्या सुजेवर प्रथम क्षयरोगाचा उपचार सुरू होतो, तेथे कवकाचे निदान झाल्यावर आधीची औषधे चालू आहेत का, हे पाहिल्यावाचून नवे औषध लिहिणे व्यर्थ ठरते. दोन्ही रोग एकत्र असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने औषधयोजनाच बदलावी लागते.

गंभीर रुग्णांत अँफोटेरिसिन बी हे शिरेतून द्यायचे औषध वापरतात. त्याने मूत्रपिंडाला इजा होते व रक्तातील पोटॅशियम, मॅग्नेशियम घटते. लायपोसोमल प्रकारात हा त्रास कमी, पण किंमत पुष्कळ अधिक. रक्ततपासण्या वारंवार कराव्या लागत असल्याने हा उपचार गावात राहून होत नाही. रुग्ण व एक नातेवाईक यांचा काही आठवड्यांचा मुक्काम व बुडणारी मजुरी हा या उपचाराचा प्रत्यक्ष भाग आहे, मग तो औषधपत्रावर लिहिलेला नसो.

प्रतिकारशक्ती सावरण्यासाठी रक्तशर्करा आटोक्यात आणतात, स्टेरॉइड एकाएकी न थांबवता हळूहळू घटवतात आणि एचआयव्हीबाधितांना विषाणुरोधी उपचार देतात. शासकीय केंद्रांत हे उपचार २००४ पासून मोफत मिळतात. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असल्यास मात्र विषाणुरोधी उपचार चार ते सहा आठवडे पुढे ढकलतात. प्रतिकारशक्ती झपाट्याने परतली तर दाह उफाळून रुग्ण दगावू शकतो.

कृत्रिम सांधा बाधित झाल्यास तो काढणे श्रेयस्कर मानतात. संसर्ग पूर्ण गेल्यानंतर दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा बसवतात. रुग्णाची प्रकृती शस्त्रक्रिया पेलण्यासारखी नसेल तर फ्लुकोनाझोल दीर्घकाळ, प्रसंगी आयुष्यभर चालू ठेवण्याचा पर्याय उरतो.

औषधांची उपलब्धता

कवकरोधी औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे औषध वेगळे केले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गुंफलेले आहे. सांध्यासारख्या खोलवरच्या संसर्गासाठी मात्र अँफोटेरिसिनच प्रमुख औषध राहिले.

मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत अँफोटेरिसिनचा देशभर तुटवडा झाला. त्याच महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले आणि महाराष्ट्र शासनाने म्युकरमायकोसिसचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट केला. त्या साथीमुळे विदर्भातील मोठ्या रुग्णालयांना कवकतपासणीचा व या औषधाचा सराव झाला. सांध्याच्या संसर्गाचे रुग्ण संख्येने अत्यल्प असल्याने त्यांच्यासाठी असा दबाव कधी निर्माण होत नाही.

पाठपुरावा

औषध सुरू झाल्यावर वेदना काही आठवड्यांत उतरते आणि नेमक्या याच वेळी उपचार सोडण्याचे प्रमाण वाढते. रोवणीचा किंवा तेंदूपत्त्याचा हंगाम आला की रुग्ण परत येत नाही. म्हणून दुर्गम गावातील रुग्णास पावसाळ्यापूर्वी तीन-चार महिन्यांच्या गोळ्या एकदम देणे, यकृताची तपासणी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात करून घेणे आणि आशा कार्यकर्तीकडे औषधाचे नाव व मुदत लिहून ठेवणे उपयुक्त ठरते. सूज, हालचालीचा आवाका व रक्तातील दाहदर्शक चाचण्या यांवरून प्रगती जोखतात. तीव्र वेदना ओसरताच सांध्याचा व्यायाम सुरू करावा लागतो. गुडघा वाकलेल्या स्थितीत जखडला तर कवक नष्ट होऊनही रुग्णाला बांधीत उतरून रोवणी करता येत नाही. औषध थांबवल्यानंतर निदान वर्षभर सांध्यावर लक्ष ठेवतात, कारण या मुदतीत तो पुन्हा सुजला तर द्रव नव्याने काढून तपासावा लागतो.